बाकावरची वर्षे: अमेरिकन महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमध्ये नवोदितांना बसवून ठेवल्याने काय साधते?

२०२१-२२ च्या हंगामासाठी युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलिनाच्या महिला बास्केटबॉल संघात रेवन जॉन्सन, सानिया रिव्हर्स, सानिया फेगिन आणि ब्री हॉल या चार मुली शाळेतून थेट दाखल झाल्या, तेव्हा त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम नवी तुकडी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. सिरॅक्यूज विद्यापीठात एक वर्ष खेळलेली, मूळची ब्राझीलची, सहा फूट सात इंच उंचीची कमिला कार्डोसोही त्याच वेळी या संघात आली. एप्रिल २०२२ मध्ये मिनियापोलिस येथील अंतिम सामन्यात या संघाने कनेक्टिकट विद्यापीठाचा ६४-४९ असा पराभव करून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, परंतु त्या विजयात या पाच जणींचा वाटा बेताचाच होता. रेवन जॉन्सन हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यात गुडघा दुखावल्यामुळे वर्षभर बाहेर राहिली, आणि उरलेल्या चौघींचा बराच वेळ बाकावर गेला. शाळेच्या संघात ज्यांच्यावाचून पान हलत नव्हते, त्या मुलींवर आता टाळ्या वाजवण्याची आणि पाण्याच्या बाटल्या पुढे करण्याची पाळी आली होती.

प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी त्यांना बसवून ठेवले, हे त्यांच्या हिताचे झाले की अहिताचे? हा प्रश्न अमेरिकेत दर हंगामात विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा तावातावाने दिले जाते. पालक म्हणतात, मुलगी कुजते आहे. जुने प्रशिक्षक म्हणतात, थांबल्याशिवाय घडत नाही. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी बोट ठेवतात, कारण ‘बाकावर बसणे’ या एका शब्दप्रयोगाखाली चार-पाच निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि त्यांचे परिणामही निरनिराळे होतात. त्या वेगळ्या करण्यासाठी आधी थोडे गणित मांडावे लागेल.

महाविद्यालयीन महिलांचा सामना दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये, म्हणजे एकूण ४० मिनिटे चालतो. कोर्टवर एका वेळी पाच जणी असतात, त्यामुळे वाटण्यासाठी प्रशिक्षकांच्या हाती एकूण २०० मिनिटे असतात. संघात पंधरापर्यंत खेळाडू असू शकतात. समान वाटणी केली तर प्रत्येकीच्या वाट्याला तेरा मिनिटे येतील, पण तशी वाटणी कोणीच करत नाही. पहिल्या पाच जणी तीस-तीस मिनिटे खेळल्या की दीडशे मिनिटे संपतात आणि उरलेल्या पन्नासांवर तीन किंवा चार जणी निभावतात. नवव्या-दहाव्या क्रमांकाच्या पुढच्या मुलींसाठी काहीच शिल्लक राहत नाही. येथे क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याची उपमा डोळ्यांसमोर आणू नये, कारण बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकते आणि बाकावरून उठलेली मुलगी सामन्यातल्या सर्वाधिक गुणांची मानकरीही ठरू शकते. बाक म्हणजे संघाबाहेरची जागा नव्हे. ती मिनिटांच्या रेशनची रांग आहे.

या रांगेतही सगळ्या सारख्या नसतात. सर्वांत पुढे असते ती ‘सहावी खेळाडू’, जी सामना सुरू झाल्यावर पाच-सहा मिनिटांत हमखास उतरते आणि पुष्कळदा पहिल्या पाचांतल्या एखादीइतकीच खेळते. सर्वांत मागे असतात त्या संघ चाळीस गुणांनी पुढे गेल्यावरच उतरणाऱ्या मुली. महिलांच्या खेळात बलाढ्य आणि दुबळ्या संघांमधली दरी अजूनही मोठी असल्यामुळे, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या सामन्यांत, ही अशी निकालोत्तर मिनिटे बड्या संघांतल्या नवोदितांना बऱ्यापैकी मिळतात. चूक केली की लगेच बाहेर काढली जाणारी, दोन फाऊल झाल्यामुळे सावधगिरी म्हणून बसवलेली, शिस्तभंगासाठी बसवलेली, असे आणखी प्रकार आहेत. आणि जाणूनबुजून पूर्ण वर्ष न खेळवण्याचा ‘रेडशर्ट’ हा प्रकार तर अमेरिकन महाविद्यालयीन खेळाचे खास वैशिष्ट्य आहे.

रेडशर्टची रचना अशी की खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. एखादे वर्ष ती एकाही सामन्यात उतरली नाही, तर ते वर्ष हिशेबात धरले जात नाही. बास्केटबॉलमध्ये हा नियम कडक पाळला गेला आहे: काही सेकंदांसाठी उतरलेल्या मुलीचाही हंगाम खर्ची पडतो. अपवाद दुखापतीचा आहे, पण त्यासाठी दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली असावी लागते आणि तोवर खेळलेले सामने तीस टक्क्यांच्या आत असावे लागतात. रेवन जॉन्सनला याच सवलतीचा लाभ मिळाला आणि म्हणूनच २०२५-२६ मध्ये, आपल्या पाचव्या वर्षी, ती साउथ कॅरोलिनाकडून खेळू शकली. टेनेसीची कॅन्डेस पार्कर हे याहून जुने उदाहरण आहे. २००४-०५ चे पहिले वर्ष गुडघ्याच्या दुखण्यामुळे ती खेळलीच नाही. पुढे प्रशिक्षक पॅट समिट यांच्या हाताखाली तिने २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. रेडशर्टचे वर्ष वाया गेले, असे तिच्याबाबतीत कोणी म्हणणार नाही. 

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. सामन्यात खेळल्यानेच खेळाडू घडते, हे वाक्य इतके उघड वाटते की कोणी त्याचा हिशेब करत नाही. करून पाहू. पहिल्या पाचांतली मुलगी सामन्यामागे ३० मिनिटे आणि हंगामात ३३ सामने खेळली, तर तिची एकूण मिनिटे होतात ९९०, म्हणजे साडेसोळा तास. महाविद्यालयीन खेळाचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने हंगाम चालू असताना सराव व तत्सम कामासाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला वीस तासांची आहे. याचा अर्थ असा की संघातली सर्वाधिक खेळणारी मुलगीसुद्धा नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत प्रत्यक्ष सामन्यांत जेवढा वेळ घालवते, तो सरावाच्या एका आठवड्याच्या मर्यादेतही मावतो. केवळ तासांचा विचार केला तर खेळाडू घडते ती सरावात, आणि सरावाला बाकावरची मुलगीही असतेच.

म्हणून ‘ती सामन्यात किती मिनिटे खेळते’ याच्या जोडीला ‘ती सरावात काय करते’ हेही विचारायला हवे. येथेच बहुतेक चर्चा अपुऱ्या पडतात. सरावात पहिल्या पाच जणी स्वतःच्या संघाच्या चाली घोटवत असतात आणि उरलेल्यांना पुष्कळदा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची भूमिका दिली जाते. मंगळवारी एका संघाच्या चाली, शुक्रवारी दुसऱ्याच्या. अशी मुलगी वर्षभर दहा-पंधरा परक्या संघांची नक्कल करते, पण स्वतःच्या संघात आपली जागा कोठे आणि आपले पाऊल कधी, हे तिच्या अंगात भिनत नाही. मग एखाद्या दिवशी अचानक उतरवले की ती गोंधळते, आणि प्रशिक्षकांना वाटते, हिला अजून वेळ आहे.

महिलांच्या खेळात याला आणखी एक पदर आहे. बड्या महिला संघांच्या सरावात विद्यापीठातले बास्केटबॉल खेळणारे पुरुष विद्यार्थी प्रतिस्पर्धी म्हणून उतरवण्याची पद्धत आहे. ते अधिक उंच, अधिक वेगवान आणि अंगाने भारी असतात, त्यामुळे पहिल्या पाच जणींची चांगली कसोटी लागते, असे प्रशिक्षकांचे म्हणणे. २००६ च्या अखेरीस एनसीएएच्या महिला क्रीडाविषयक समितीने ही पद्धत बंद करावी अशी भूमिका घेतली. समितीचा आक्षेप असा होता की शिष्यवृत्ती देऊन आणलेल्या मुली बाजूला उभ्या राहतात आणि त्यांच्या सरावाची संधी मुलांना मिळते, हे शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याच्या हेतूला धरून नाही. पॅट समिट यांच्यासह अनेक मान्यवर प्रशिक्षकांनी याला विरोध केला आणि वरच्या श्रेणीत ही पद्धत टिकून राहिली. मला या वादात समितीचा युक्तिवाद अधिक पटतो, निदान नवोदितांपुरता. सामन्यात बसवले तर अर्धा तास जातो. सरावातही बसवले तर वर्ष जाते.

उलटपक्षी सराव खरा असेल तर बाक किती देऊ शकतो, हे कार्डोसोच्या आकड्यांतून दिसते. सिरॅक्यूजमध्ये पहिल्या वर्षी ती सामन्यामागे साडेतेरा गुण करत होती आणि आपल्या परिषदेतली (म्हणजे आपापसांत नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातली) सर्वोत्तम नवोदित ठरली होती. साउथ कॅरोलिनात आल्यावर पहिल्या हंगामात हा आकडा साडेपाचच्याही आत उतरला, कारण तिच्या जागेवर आलिया बॉस्टन खेळत होती, जी त्या वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. दुसऱ्या हंगामातही कार्डोसो बाकावरूनच उतरे, पण तो आकडा दहाच्या जवळ गेला आणि तिच्या परिषदेत सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा मान तिला मिळाला. बॉस्टन गेल्यानंतर, २०२३-२४ मध्ये, तिने चौदाच्या वर गुण आणि दहाच्या आसपास रिबाऊंड (म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू ताब्यात घेणे) अशी सरासरी राखली. संघ ३८ पैकी ३८ सामने जिंकून विजेता झाला आणि अंतिम टप्प्यातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. दोन वर्षे दररोज सरावात बॉस्टनला अडवणे आणि बॉस्टनकडून अडवले जाणे, ही शिकवणी दुबळ्या संघाविरुद्ध तीस मिनिटे खेळून मिळाली नसती. तिला बसवणे आणि तिला शिकवणे या दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या.

तथापि सराव आणि सामना यांत एक फरक असा आहे की तो तासांनी भरून निघत नाही. सरावात चूक झाली की शिट्टी वाजते आणि तीच चाल पुन्हा होते. सामन्यात चूक झाली की समोरची दोन गुण घेऊन जाते, प्रेक्षागृह ओरडते, आणि पुढचा चेंडू तीस सेकंदांच्या आत बास्केटकडे टाकायचा असतो. शाळेतून आलेल्या मुलीला नेमक्या याच गोष्टी नव्या असतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शालेय सामन्यांना वर्षानुवर्षे चेंडू टाकण्याच्या वेळेचे बंधनच नव्हते. शिवाय शाळेत प्रतिभावान मुलीला बचावाची फारशी फिकीर करावी लागत नाही. महाविद्यालयात मात्र अठरा वर्षांच्या मुलीसमोर बावीस वर्षांची, चार वर्षे व्यायामशाळेत कसलेली बाई उभी ठाकते. प्रशिक्षक नवोदितांना बसवतात ते बहुतेकदा गुण करता येत नाहीत म्हणून नव्हे, तर बचावात दुसऱ्याच्या मदतीला कधी धावायचे हे कळत नाही म्हणून. हे कळणे काही अंशी पाहून येते. बाकावरून सामना पाहणारी मुलगी, शेजारचा सहायक प्रशिक्षक तिला काय पाहायचे हे सांगत असेल, तर खरोखर शिकते. नुसती पाहत असेल, तर प्रेक्षक होते, आणि तेही तिकीट न काढलेली.

मला सर्वांत घातक वाटतो तो प्रकार म्हणजे चूक झाली रे झाली की बाहेर काढणे. एक चुकलेला पास, आणि बाकाकडे बोट. अशा मुलीच्या मनात खेळाऐवजी बाक भरतो. ती पास देण्याआधी प्रशिक्षकांकडे पाहते, चुकू नये म्हणून चेंडूच मागत नाही, आणि जोखीम घेण्याची जी हिंमत पाहून तिला निवडले होते तीच मावळते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या प्रेरणाविषयक सिद्धांतानुसार माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर तगून राहते: आपल्याला काही ठरवता येते ही भावना, आपण यात तरबेज होत आहोत ही भावना, आणि आपण या माणसांपैकी एक आहोत ही भावना. घाईने बाहेर काढण्यात पहिल्या दोन एकदमच जातात. याच्या उलट, ठरावीक मिनिटे देणारी पद्धत आहे: पहिल्या क्वार्टरची शेवटची चार मिनिटे तुझी, चुकलीस तरी तुझीच. वाट्याला आलेली मिनिटे तेवढीच असली तरी परिणाम निराळा होतो, कारण ती मिनिटे तिच्या मालकीची असतात.

फाऊलच्या बाबतीतही असेच घडते. पाच फाऊल झाले की खेळाडू बाद, म्हणून पहिल्या अर्ध्यात दोन झाले की बसवायचे, असा पुष्कळ प्रशिक्षकांचा शिरस्ता आहे. खेळाडू बाद होऊन तिची मिनिटे जाऊ नयेत म्हणून आपणच तिची मिनिटे काढून घ्यायची, यातले तर्कट मला कधीच कळलेले नाही. नवोदित मुली फाऊल अधिक करतात, त्यामुळे हा शिरस्ता त्यांनाच अधिक जाचतो.

तात्पुरत्या बसण्याने भले झाल्याचेही ठळक उदाहरण आहे. कनेक्टिकटची ब्रियाना स्टुअर्ट २०१२-१३ मध्ये मोठा गाजावाजा होऊन पहिल्या वर्षात आली, हंगामाच्या मध्यावर तिची लय बिघडली आणि ती पहिल्या पाचांतून बाहेर गेली. प्रशिक्षक जीनो ऑरिएम्मा यांनी तिच्यावरचे ओझे कमी केले, सराव मात्र ढिला केला नाही. एप्रिलमध्ये उपांत्य सामन्यात तिने २९ आणि अंतिम सामन्यात २३ गुण केले, संघ विजेता झाला आणि अंतिम टप्प्यातली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. पुढची तीन वर्षेही तसेच घडले. या गोष्टीचा दाखला प्रशिक्षक मंडळी फार देतात. पण स्टुअर्ट ही स्टुअर्ट होती हे विसरून चालणार नाही. बसवल्यामुळे ती चमकली, की चमकणारीच होती आणि मधे थोडी बसली, हे एका उदाहरणावरून सांगता येत नाही.

हीच अडचण या संपूर्ण प्रश्नाच्या मुळाशी आहे, आणि ती थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे. समजा, आपण पहिल्या वर्षी खूप खेळलेल्या मुली आणि पहिल्या वर्षी बसलेल्या मुली यांची चौथ्या वर्षातली कामगिरी ताडून पाहिली. खेळलेल्या मुली सरस दिसतील, यात शंका नाही. आयोवाची केटलिन क्लार्क पहिल्या सामन्यापासून खेळली आणि पहिल्याच वर्षी गुणांच्या सरासरीत देशात अव्वल आली. कनेक्टिकटची पेज ब्युकर्स पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची सर्वोत्तम खेळाडू ठरली, जे तोवर कोणाही पहिल्या वर्षाच्या मुलीला साधले नव्हते. पण त्यांना खेळवले कशासाठी? त्या मुळातच सरस होत्या म्हणून. बसणे आणि खेळणे यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नसते, म्हणून पुढच्या यशाचे श्रेय मिनिटांना द्यायचे की मुळातल्या गुणवत्तेला, हे वेगळे काढता येत नाही.

बरे, वाटणी निदान गुणवत्तेवर होते असे तरी म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक एनबीए स्पर्धेबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंची मैदानावरची कामगिरी सारखी धरली, तरी ज्यांना नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेत वरच्या क्रमांकावर घेतले होते त्यांनाच अधिक मिनिटे दिली जात होती, असे त्यांना आढळले. एकदा मोठी किंमत मोजली की तो निर्णय बरोबर होता हे सिद्ध करण्याकडे आपला कल झुकतो. लग्नात घेतलेला महागडा शालू वर्षातून एकदा तरी नेसायचाच, तसे. पुढच्या काही संशोधकांनी हा परिणाम मुळात वाटला त्यापेक्षा सौम्य असल्याचे दाखवले, तर काहींना तो आढळलाच नाही. महाविद्यालयात हीच ओढ दोन दिशांनी काम करते: गाजावाजा होऊन आलेल्या मुलीला लवकर खेळवण्याकडे, आणि तीन वर्षे राबलेल्या मुलीला तिची जागा देण्याकडे.

मग प्रशिक्षकांचे ‘तत्त्व’ कोठे राहिले? स्टेली यांचेच उदाहरण घ्यावे. २०१९-२० मध्ये त्यांनी आलिया बॉस्टन, झाया कुक आणि ब्रिया बील या पहिल्या वर्षाच्या तिघींना सुरुवातीच्या पाचांत स्थान दिले, आणि तो संघ ३२ सामने जिंकून केवळ एक हरला. करोनामुळे त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धाच झाली नाही. दोनच वर्षांनी आलेल्या तितक्याच नावाजलेल्या तुकडीला त्यांनी बसवले. फरक एवढाच की या वेळी जागा भरलेल्या होत्या, आणि त्या भरणाऱ्या मुलींत आदल्या वेळी बसवल्या न गेलेल्या याच तिघी होत्या. नवोदितांना बसवावे की नाही याचे उत्तर बहुधा आधीच्या तीन वर्षांत कोणाला आणले यावरून ठरते.

महिलांच्या खेळात थांबण्याला एक आर्थिक पायाही होता. पुरुषांच्या एनबीएमध्ये २००६ पासून निवडीच्या वर्षात एकोणीस वर्षे पूर्ण आणि शाळा सोडून एक वर्ष झाले की प्रवेश मिळतो, म्हणून तेथे एक वर्ष खेळून निघून जाणारे पुष्कळ. महिलांच्या व्यावसायिक डब्ल्यूएनबीएमध्ये मात्र अमेरिकन खेळाडूला निवडीच्या वर्षी बावीस वर्षांची असणे किंवा पदवीपर्यंत पोहोचलेली असणे आवश्यक राहिले आहे. त्यामुळे मुलगी कितीही गुणी असली तरी साधारण चार वर्षे महाविद्यालयातच काढायची, आणि चारांपैकी एक-दोन बाकावर गेली तरी व्यावसायिक खेळाचे दार तेवढ्याने उशिरा उघडत नसे.

दुसरा पाया नियमांचा होता. २०२१ पर्यंत बास्केटबॉलमध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेले की सर्वसाधारणपणे एक वर्ष न खेळता काढावे लागे. म्हणजे बाक चुकवण्यासाठी घर बदलावे, तर नव्या घरात पहिले वर्षभर पुन्हा बाकच! २०२१ मध्ये एकदा बदल करण्याची मोकळीक मिळाली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदल करून लगेच खेळता येऊ लागले. मधल्या काळात, जुलै २०२१ पासून, खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून पैसे मिळवण्याचीही परवानगी मिळाली, आणि बाकावरच्या मुलीचे नाव जाहिरातदाराला सहसा ठाऊक नसते. आता वरच्या श्रेणीतल्या हजाराहून अधिक मुली दरवर्षी बदलासाठी नाव नोंदवतात. वाट पाहण्याची किंमत वाढली आणि निघून जाण्याची घटली. जुने प्रशिक्षक याला पिढीचा उतावळेपणा म्हणतात. मला त्यात उतावळेपणापेक्षा सरळ हिशेब अधिक दिसतो.

दुखापतींचा मुद्दा थोडक्यात सांगून टाकतो. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये मुलांपेक्षा मुलींत सुमारे तिपटीने अधिक आढळले आहे. शाळेतून आलेल्या शरीराला वर्षभर ताकद कमावू द्यावी, हा बसवण्याच्या बाजूचा वाजवी युक्तिवाद आहे. पण कमी मिनिटे म्हणजे सुरक्षित गुडघा, असे समीकरण मांडता येत नाही. ताकदीचा, उडी मारून नीट उतरण्याचा सराव जिला दिला जातो तिला त्याचा फायदा होतो, मग ती खेळत असो वा नसो.

आता पुन्हा २०२१ च्या त्या चौघींकडे. सानिया रिव्हर्स एका वर्षानंतर निघाली आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटला गेली. तेथे ती आधी सहावी खेळाडू झाली, मग पहिल्या पाचांत आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये क्लीव्हलंड येथे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात उतरली. समोर साउथ कॅरोलिनाच होते. तिचा संघ ७८-५९ असा हरला आणि कोर्टवर तिच्याविरुद्ध रेवन जॉन्सन, ब्री हॉल आणि कार्डोसो खेळत होत्या. हॉलला पहिल्या पाचांत यायला तिसरे वर्ष उजाडले होते, फेगिनला चौथे. २०२५ च्या डब्ल्यूएनबीए निवडीत रिव्हर्सला कनेक्टिकट सन या व्यावसायिक संघाने पहिल्या फेरीत आठव्या क्रमांकावर घेतले, तर हॉल आणि फेगिन दोघींची निवड दुसऱ्या फेरीत झाली. यावरून ‘जी गेली तिचे भले झाले’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण रिव्हर्स मुळातच त्या दोघींपेक्षा वरची मानली जात होती, आणि राष्ट्रीय विजेतेपदे हॉल व फेगिन यांच्याकडे दोन-दोन आहेत, रिव्हर्सकडे बाकावरून मिळालेले एक. कशाला भले म्हणायचे हे ज्याचे त्याने, किंवा येथे जिचे तिने, ठरवायचे असते.

त्या उपांत्य सामन्यानंतर दोन दिवसांनी झालेल्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलिनाने क्लार्कच्या आयोवाला ८७-७५ असे हरवले. साउथ कॅरोलिनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले आणि आयोवाच्या राखीवांनी एकही नाही. विजेत्या संघाकडून सर्वाधिक १९ गुण केले ते टेसा जॉन्सन या बाकावरून उतरलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीने. तिच्याच तुकडीतली, विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या कोलंबियाचीच रहिवासी असलेली मिलेसिया फुलवायली हीही त्या बाकावर होती. पुढच्या वर्षीही दोघी बाकावरूनच उतरत राहिल्या. फुलवायली तर सामन्यामागे अर्ध्याहून कमी वेळ खेळूनही बाराच्या आसपास गुण करत होती आणि परिषदेतली सर्वोत्तम सहावी खेळाडू ठरली. एप्रिल २०२५ मध्ये, दोन वर्षे पूर्ण झाल्यावर, तिने आपले गाव सोडून त्याच परिषदेतल्या लुइझियाना स्टेटची वाट धरली. टेसा जॉन्सन राहिली आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या पाचांत खेळू लागली. एकाच प्रशिक्षकांनी एकाच बाकावर दोन वर्षे बसवलेल्या या दोघी २०२५-२६ मध्ये एकाच परिषदेतल्या परस्परविरोधी संघांत होत्या.